जप होतो, पण मन हलके होत नाही

पत्र : मी ४७ वर्षांची असून एका कार्यालयात हिशेबाचे काम पाहते. दीड वर्षापूर्वी वडिलांना अर्धांगवायूचा झटका आला आणि तेव्हापासून ते माझ्याकडे असतात. धाकटा भाऊ दूर राहतो. तो पैसे पाठवतो, पण येणे त्याला जमत नाही. पतींचा व्यवसाय मंदावला आहे आणि मुलीचे शिक्षण अर्ध्यावर आहे. रात्री तीनच्या सुमारास मला हमखास जाग येते आणि छातीवर कोणी दगड ठेवल्यासारखे वाटते. मी देव मानते. रोज सकाळी वीस मिनिटे नामस्मरण करते, पण तेव्हाही डोक्यात दिवसभराच्या कामांची यादी चालू असते. एक जवळची मैत्रीण म्हणाली, ‘तू देवाचे सगळे करतेस, पण तुझे त्याच्याशी नाते नाही.’ ते मला फार लागले. देवाशी नाते जोडायचे म्हणजे नेमके काय करायचे? आणि खरे सांगायचे तर हल्ली मला देवाचा रागही येतो, आणि राग आला की मग त्या रागाचीच भीती वाटते.

उत्तर :

प्रिय ताई,

पत्रातील शेवटचे वाक्य तुम्ही बहुधा सर्वांत जास्त संकोचून लिहिले असेल, म्हणून मी सुरुवात तिथूनच करते. तुम्हाला देवाचा राग येतो, याची लाज वाटून घेऊ नका आणि त्याची भीतीही बाळगू नका. दीड वर्ष आजारी माणसाची सेवा करणाऱ्या, रात्री अर्धवट झोपणाऱ्या आणि सगळ्यांसमोर ‘ठीक चालले आहे’ म्हणणाऱ्या व्यक्तीला राग येणारच. तो भावावर काढता येत नाही, पतींवर काढणे योग्य वाटत नाही, वडिलांवर तर मुळीच नाही. मग तो ज्याच्यापर्यंत पोहोचायचा त्याच्यापर्यंत पोहोचला आहे. माझ्या दृष्टीने तुमच्या आणि देवाच्या नात्यातली सध्याची सर्वांत जिवंत गोष्ट हा रागच आहे. ज्याच्याकडून काहीच अपेक्षा उरलेली नाही, त्याच्यावर माणूस रुसत नाही.

आपल्या भाषेतील संतांनी हे रुसणे कधी लपवले नाही. १६३० च्या सुमाराच्या भीषण दुष्काळाने तुकाराम महाराजांचा व्यापार बुडवला, पहिली पत्नी आणि मुलगा हिरावून नेला, आणि त्यानंतर त्यांनी जी रचना केली तिच्यात विठ्ठलाशी सरळसरळ भांडण आहे, आरोप आहेत, आर्जव आहे आणि पुन्हा भांडण आहे. नामदेवांच्या घरी दासी म्हणून राबणाऱ्या जनाबाईने तर विठोबाला दळायला, झाडायला सोबत बसवले आणि मनाविरुद्ध झाले की त्याला बोल लावायलाही ती कचरली नाही. यहुदी आणि ख्रिस्ती उपासनेत आजही म्हटल्या जाणाऱ्या दीडशे प्राचीन स्तोत्रांतही, ‘किती काळ माझ्याकडे पाठ फिरवणार आहेस?’ अशा भावनेची विलापाची स्तोत्रे मोठ्या संख्येने आहेत. या लोकांना कोणी नास्तिक म्हणत नाही. त्यांचा राग देवाकडे पाठ करून बोललेला नव्हता, त्याच्याकडे तोंड करून बोललेला होता, आणि तुम्हाला करायचे आहे ते एवढेच आहे.

आता मैत्रिणीच्या बोलण्याविषयी. तिचा हेतू चांगला असेल, पण तिचे वाक्य मला अर्धेच बरोबर वाटते. इतक्या ओढाताणीतही दीड वर्ष तुम्ही सकाळची वीस मिनिटे सोडली नाहीत, यालाही नातेच म्हणतात. मन लागत नसताना एखाद्याच्या शेजारी रोज येऊन बसणे ही साधी गोष्ट नव्हे. तेव्हा ती वीस मिनिटे कृपा करून मोडीत काढू नका आणि ‘आजवरचे सगळे वाया गेले’ असे तर मनातही आणू नका. उणे आहे ते दुसरे. तुम्ही देवाजवळ बसता, त्याचे नाव घेता, पण तुमच्याविषयी त्याला काहीच सांगत नाही. त्याच्यासमोर तुम्ही नीटनेटक्या होऊन बसता आणि जे खरोखर चालले आहे ते ‘व्यत्यय’ म्हणून बाजूला सारण्याची धडपड करता.

नवविधा भक्तीत श्रवण, कीर्तन, स्मरण यांपासून सुरुवात होते आणि शेवटच्या दोन पायऱ्या सख्य आणि आत्मनिवेदन या आहेत. आत्मनिवेदनाचा शास्त्रातील अर्थ स्वतःला संपूर्णपणे देवाच्या स्वाधीन करणे असा आहे आणि तो फार उंच आहे. तो मला साधला आहे असे मी म्हणणार नाही. पण त्या शब्दातील ‘निवेदन’ मला नेहमी जवळचे वाटत आले आहे. निवेदन म्हणजे सांगणे, पुढे ठेवणे. स्वाधीन करण्याआधी काय स्वाधीन करायचे आहे ते निदान उच्चारले तरी पाहिजे, आणि बहुतेकांची गाडी या पहिल्याच पायरीवर अडलेली असते. स्मरण चालू असते, निवेदन सुरूच झालेले नसते.

म्हणून तुम्ही ज्या यादीविषयी तक्रार केली आहे, त्या यादीपासूनच सुरुवात करा, असे मी सुचवेन. जपाच्या वेळी मनात येणारी कामे हाकलत बसू नका. वीस मिनिटांतील पहिली पाच-सात मिनिटे माळ खाली ठेवा आणि यादीतील एकेक गोष्ट देवाला सांगा, शक्यतो ओठ हलवून, हळू आवाजात, तुम्ही घरात जसे बोलता तशाच भाषेत. त्यासाठी वेगळी भारदस्त भाषा लागत नाही. समजा, मनात आले की वडिलांची औषधे संपत आली आहेत. तेवढेच म्हणून पुढे जाऊ नका. क्षणभर तिथे थांबा आणि त्या कामाच्या खाली काय आहे ते पाहा. कदाचित खाली असे असेल : ‘औषधे आणायला जाते तेव्हा मला बरे वाटते, कारण तेवढा वेळ मी घराबाहेर असते, आणि तसे वाटते म्हणून मला अपराधी वाटते.’ हे सांगा. समजा, मनात आले की कार्यालयात महिनाअखेरचे हिशेब जुळवायचे आहेत. त्याच्या खाली असेल : ‘परवा एक आकडा चुकला, वरिष्ठ काही बोलले नाहीत, पण मला पूर्वी असे होत नव्हते आणि माझे डोके चालेनासे झाले आहे की काय, अशी धास्ती वाटते.’ तेही सांगा. मुलीच्या शिक्षणाची काळजी असेल तर तिच्या खाली पतींच्या व्यवसायाविषयी न बोललेले काहीतरी असेल. यादीतील प्रत्येक कामाच्या पोटात अशी एक भीती, एक दुःख किंवा एक राग बसलेला असतो. कामे दिवसभरात उरकतात. पोटातले मात्र कोणी विचारत नाही म्हणून तसेच राहते आणि रात्री तीन वाजता उठून बसते.

पहिल्या दिवशी हे बोलणे विचित्र वाटेल. आपण भिंतीशी बोलतो आहोत असेही वाटेल. तसे वाटले तर तेसुद्धा देवालाच सांगा : ‘मला वाटते आहे की मी भिंतीशी बोलते आहे.’ ज्या क्षणी माणूस हे प्रामाणिकपणे म्हणतो त्या क्षणी प्रार्थना सुरू झालेली असते, असे मी अनुभवाने म्हणते.

तो अनुभव थोडक्यात सांगते, कारण मीही पुष्कळ वर्षे तुमच्यासारखीच देवाचे सगळे करणारी आणि त्याला काहीच न सांगणारी होते. माझी आई शेवटच्या आजारात रुग्णालयात होती. एका रात्री अतिदक्षता विभागाबाहेरच्या लोखंडी बाकावर मी बसले होते. मांडीवर तिच्या तपासण्यांच्या कागदांची प्लास्टिकची पिशवी होती आणि तिचे चष्म्याचे घर त्यातच होते. मला पाठ असलेली सगळी स्तोत्रे मी म्हणून पाहिली. एकही ओळ पुरी होईना. दोन शब्दांनंतर पुढचे आठवेना. शेवटी मी चष्म्याचे ते घर हातात घेतले आणि मनातल्या मनात एवढेच म्हणाले, ‘मला फार भीती वाटते आहे आणि मी थकले आहे. ती जाऊ नये असे मला वाटते, आणि आता हे संपावे असेही वाटते.’ दुसरे वाक्य मी त्याआधी कोणाजवळही उच्चारले नव्हते. ते उच्चारल्यावर आभाळ कोसळले नाही. कोणी मला पापी म्हटले नाही. मी बराच वेळ रडले आणि मग कित्येक दिवसांत पहिल्यांदा त्याच बाकावर मान टेकून झोपले. आई त्यानंतर सात आठवड्यांनी गेली. प्रार्थनेने तिचा आजार बरा झाला नाही, पण ते सात आठवडे मी तिच्याजवळ मनाने होते. त्याआधी मी केवळ धावपळ करत होते. देवाशी माझे जे काही नाते आहे ते त्या रात्रीपासूनचे आहे, असे मी मानते.

आता तुम्हाला तीन वाजता जाग येण्याविषयी थोडे सविस्तर लिहिते, कारण त्याच्याकडे तुम्ही श्रद्धेची कसोटी म्हणून पाहत असाल तर ते थांबवणे आवश्यक आहे. ताणाच्या वेळी मूत्रपिंडांवर बसलेल्या अधिवृक्क ग्रंथींमधून अ‍ॅड्रेनलिन आणि कॉर्टिसोल ही संप्रेरके स्रवतात, हे तुम्ही वाचले असेल. कॉर्टिसोलचे रक्तातील प्रमाण मध्यरात्रीच्या आसपास सर्वांत कमी असते आणि उत्तररात्री ते हळूहळू चढू लागते, म्हणजे सकाळी उठायच्या वेळेपर्यंत शरीर तयार व्हावे. त्याच सुमारास झोपही उथळ होत जाते. दिवसभर ताणात असलेल्या माणसाची झोप त्यामुळे नेमकी याच वेळी मोडते आणि अंधारात, कोणाचीही सोबत नसताना, प्रत्येक प्रश्न आहे त्याहून दुप्पट मोठा दिसतो. तेव्हा तीन वाजता जो विचार येतो त्याला अंतिम सत्य समजू नका. त्या वेळी घेतलेला कोणताही निर्णय सकाळी नऊ वाजता पुन्हा तपासायचा, असा नियमच करून टाका.

त्या वेळी देवाला लांबलचक काही सांगत बसण्याची गरज नाही. सांगण्याची वेळ सकाळची. रात्री फक्त नाम घ्या, आणि तेही श्वासासोबत, सावकाश. याला एक सुंदर आधार आहे. लुचियानो बर्नार्डी या इटालियन वैद्यकीय संशोधकाने आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००१ मध्ये २३ निरोगी व्यक्तींवर केलेला एक अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात लॅटिन भाषेतील जपमाळेची ख्रिस्ती प्रार्थना आणि ‘ओम मणि पद्मे हुम’ हा बौद्ध मंत्र यांचा परिणाम तपासला होता. दोन्ही प्रकारांत जप करणाऱ्यांचा श्वास आपोआप मिनिटाला सुमारे सहापर्यंत संथ झाला, आणि रक्तदाबातील चढउतारांनुसार हृदयाची गती जुळवून घेण्याची शरीराची क्षमता वाढलेली आढळली. दोन धर्म, दोन भाषा, आणि शरीरावर उमटलेला ठसा एकच. हे वाचले तेव्हा मला फार आनंद झाला होता. आपल्या पूर्वजांनी हातात माळ दिली तेव्हा त्यांच्याजवळ यंत्रे नव्हती, पण माणसाला शांत कसे करावे हे त्यांना ठाऊक होते. म्हणून जाग आल्यावर घड्याळाकडे पाहू नका, मोबाइल हातात घेऊ नका. कूस बदला, श्वास सोडताना नाम घ्या आणि सोडणे घेण्यापेक्षा लांब ठेवा. झोप लागली तर उत्तमच. लागली नाही तरी तेवढा वेळ तुम्ही हिशेबांच्या नाही, त्याच्या सोबतीत काढलेला असेल.

पण एक गोष्ट मी इथेच बजावून सांगते. छातीवरचा दगड हा केवळ मनाचा भार आहे, असे गृहीत धरू नका. डॉक्टरांकडे जाऊन हृदयाची आणि रक्तदाबाची तपासणी या आठवड्यातच करून घ्या. आणि छातीत दुखून आले, घाम सुटला, धाप लागली किंवा कळ हाताकडे अथवा जबड्याकडे जाऊ लागली, तर सकाळ होण्याची वाट न पाहता त्याच घटकेला रुग्णालय गाठा. त्याचप्रमाणे उदासी सलग दोन आठवडे हटत नसेल, भूक गेली असेल, कशातच रस वाटत नसेल किंवा ‘आपण नसलेले बरे’ असे विचार येऊ लागले असतील, तर मनोविकारतज्ज्ञांची भेट घ्या आणि हे विचार घरातील एका तरी माणसाला आजच सांगा. औषध घेणे म्हणजे देवावरचा विश्वास कमी पडणे, असे म्हणणारे लोक तुम्हाला भेटतील. त्यांचे ऐकू नका. वडिलांना झटका आला तेव्हा तुम्ही त्यांना डॉक्टरांकडे नेलेत, केवळ जप करत बसला नाहीत. तोच न्याय स्वतःला लावा.

यानंतर येतो तो मला सर्वांत महत्त्वाचा वाटणारा भाग. देवाशी नाते जुळले की ताण नेमका कशामुळे हलका होतो? माझे उत्तर असे आहे : आपण जे उचलण्यासाठी जन्मालाच आलो नव्हतो ते खाली ठेवता येते, म्हणून. तुमच्या पत्रातील ओझी जरा वेगळी करून पाहा. वडिलांना वेळेवर औषध देणे, त्यांची कूस बदलणे, त्यांच्याशी दोन शब्द बोलणे हे तुमचे काम आहे. ते पुन्हा पहिल्यासारखे चालतील की नाही, हे तुमच्या हातात नाही. पतींना धीर देणे, घरखर्चाचे खरे आकडे त्यांच्यासमोर ठेवणे हे तुमचे काम आहे. बाजार कधी सावरेल हे नाही. तुम्ही हिशेबाचे काम करता, म्हणून हे तुम्हाला लवकर उमगेल : दीड वर्षापासून तुम्ही दुसऱ्याच्या खात्यातील रक्कम स्वतःच्या नावावर मांडत आहात, आणि ताळा लागत नाही म्हणून स्वतःला दोष देत आहात.

धर्म आणि मानसिक ताण यांचा अनेक वर्षे अभ्यास करणारे अमेरिकी मानसशास्त्रज्ञ केनेथ पार्गमेंट यांनी १९८८ मध्ये सहकाऱ्यांसह अडचणींना तोंड देण्याच्या माणसांच्या तीन रीती मांडल्या. काही जण म्हणतात, देवाने बुद्धी दिली आहे, आता सगळे माझे मी निस्तरेन. काही जण हात बांधून बसतात आणि सगळे देवावर टाकतात. तिसरे लोक देवाला भागीदार मानतात : माझा वाटा मी उचलेन, माझ्या आवाक्याबाहेरचा तू पाहा. या तिसऱ्या रीतीच्या लोकांमध्ये स्वतःच्या क्षमतेवरचा विश्वास अधिक आढळला, तर सगळे देवावर टाकून बसणाऱ्यांत तो कमी आढळला. तुमच्या पत्रावरून तुम्ही पहिल्या गटातील दिसता. तोंडाने नाम आहे, पण कारभार एकटीचा आहे. मैत्रिणीला कदाचित हेच जाणवले असावे आणि तिला ते नीट मांडता आले नसावे.

भागीदारीची सवय लागण्यासाठी सकाळचे निवेदन झाल्यावर प्रत्येक गोष्टीपुढे एक साधा प्रश्न विचारा : ‘यातले आजचे माझे काय?’ जे उत्तर मिळेल ते कागदावर लिहा. ते बहुधा अगदी छोटे असेल, म्हणजे एखादा फोन, एखादा अर्ज, अर्धा तास वडिलांजवळ. उरलेले मोठ्याने म्हणून त्याच्याकडे सोपवा : ‘बाबांच्या पायात बळ येणे तुझ्याकडे.’ दुपारपर्यंत ते ओझे तुम्ही परत उचलून घेतलेले असेल, याची मला खात्री आहे, कारण सगळेच तसे करतात. मग दुपारी पुन्हा ठेवा. दिवसातून दहा वेळा ठेवावे लागले तरी चालेल. ठेवण्याचा सरावच हळूहळू विश्वासात बदलतो.

मात्र या सोपवण्याला सौद्याचे रूप येऊ देऊ नका. ‘मी इतका जप वाढवते, तू बाबांना उभे कर’ असे मनात येणे स्वाभाविक आहे, मीही तसे व्यवहार करून पाहिले आहेत, पण त्याने ताण दुपटीने वाढतो. आजार तर राहतोच, शिवाय आपला जप कमी पडला ही बोचणी वर येऊन बसते. २००६ मध्ये हृदयाची बायपास शस्त्रक्रिया झालेल्या १,८०० हून अधिक रुग्णांच्या एका मोठ्या अभ्यासाचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. त्यात अनोळखी लोकांनी रुग्णांसाठी केलेल्या प्रार्थनेमुळे शस्त्रक्रियेनंतरच्या गुंतागुंती कमी झाल्याचे दिसले नाही. काहींना ते वाचून धक्का बसला. मला तसे वाटले नाही, कारण जिथे नातेच नाही तिथे प्रार्थना म्हणजे नळ सोडल्यासारखे पाणी येईल, अशी अपेक्षा करणे मला कधी पटले नव्हते. मागा, जरूर मागा. मनात असलेली मागणी त्याच्यापासून लपवणे हाही खोटेपणाच ठरेल. फक्त मागणीच्या उत्तरावर त्याचे प्रेम मोजू नका.

यालाच जोडून आणखी एक गोष्ट आहे. तुमच्या मनात देवाचे रूप कसे आहे, हे एकदा शांतपणे पाहा. रागाची भीती वाटते असे तुम्ही लिहिता, त्यावरून मला शंका येते की तुमच्या मनातला देव चुका टिपणारा आहे. पार्गमेंट यांच्याच पुढील अभ्यासांतून असे दिसले की ‘देव मला शिक्षा करतो आहे’ किंवा ‘देवाने मला टाकले आहे’ या समजात अडकून पडलेल्यांची घालमेल अधिक असते, तर देवाला सोबती मानणाऱ्यांना त्याचा आधार होतो. म्हणजे देव मानणे एवढेच पुरत नाही, कोणता देव मानतो यावर पुष्कळ अवलंबून आहे. वडिलांचा आजार ही तुमच्या कोणत्याही चुकीची शिक्षा नाही. मेंदूतील रक्तवाहिनी बंद झाली किंवा फुटली की अर्धांगवायू होतो. तो पुण्यवंतांनाही होतो. हा विचार मनात असेल तर तो आधी काढून टाका, आणि एकटीने निघत नसेल तर तुमचा विश्वास असलेल्या, प्रेमळ आणि समंजस अशा एखाद्या धर्मज्ञ व्यक्तीशी बोला. घाबरवणाऱ्या, उपाय सांगून पैसे मागणाऱ्या माणसाच्या दारात मात्र जाऊ नका.

तुम्ही विचाराल, बोलले सगळे, पण त्याचे उत्तर कसे ओळखायचे? मला कधी आवाज ऐकू आला नाही आणि तुम्हालाही येईल असे आश्वासन मी देत नाही. बोलणे संपल्यावर दोन-तीन मिनिटे काहीही न म्हणता बसा, एवढेच सांगते. पुष्कळदा काहीच घडणार नाही. कधी एखादी गोष्ट जी अवघड वाटत होती ती करण्याइतके बळ आले आहे, असे जाणवेल. कधी दिवसभरात ज्याच्यावर तुम्ही चिडला असता त्याच्यावर चिडला नाहीत, हे रात्री लक्षात येईल. काही आठवडे कोरडेच जातील. नात्यात असे आठवडे येतात. माणसामाणसांतही येतात. त्या काळात निवेदन लांबले नाही तरी चालेल; ‘मी आले आहे, आज बोलायला काही नाही’ एवढे म्हणून नाम घेत बसा. तुमची जुनी वीस मिनिटांची सवय त्या दिवसांत उपयोगी पडेल, आणि म्हणूनच ती मोडू नका असे मी वर म्हटले.

शेवटी तुमच्या भावाविषयी. पत्रात त्याच्याबद्दल दोनच वाक्ये आहेत, आणि ती फार जपून लिहिलेली आहेत. तो पैसे पाठवतो, येणे जमत नाही. ‘तू ये, मला आठ दिवस झोपायचे आहे’ असे तुम्ही त्याला कधी स्पष्टपणे म्हटले आहे का? बहुधा नाही. जी व्यक्ती देवाजवळ नीटनेटकी होऊन बसते, ती भावाजवळही तशीच बोलते. देव सगळे करील म्हणून माणसांकडे काही मागायचे नाही, असा अर्थ कृपया काढू नका. मदतीचे अनेक हात त्याने माणसांच्याच खांद्यांना लावले आहेत. उद्या सकाळी पहिले निवेदन भावाविषयीचे करा. तुम्हाला त्याचा जो राग येतो तो सगळा देवापुढे ओता, अगदी लहानपणापासूनचा असेल तर तोही, म्हणजे फोन कराल तेव्हा तो राग बोलणार नाही, तुमची गरज बोलेल. मग त्याला नेमके सांगा : कोणत्या तारखेपासून, किती दिवस आणि कशासाठी. तो नाही म्हणाला तर पाठवत असलेल्या पैशांत थोडी भर घालून दिवसातले काही तास मदतनीस ठेवता येईल का, हे त्याच फोनवर विचारा. पतींनाही त्या वेळी शेजारी बसवा.

आणि महिनाभराने मला पुन्हा लिहा. जप किती झाला ते नको. छातीच्या तपासणीचे काय झाले, भाऊ काय म्हणाला आणि सकाळच्या त्या पाच-सात मिनिटांत तुम्ही देवाला कोणती गोष्ट अजून सांगू शकलेला नाहीत, हे वाचायला मला आवडेल.

तुमची,
सल्लागार ताई